देवमंदिरांचे आराखडे : त्यांचें जतन आणि त्यांचें वाचन

जुन्या करारांतील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत एक मोठा हृद्य प्रसंग वर्णिला आहे. दावीद राजाच्या मनांत परमेश्वराचें मंदिर उभारावें अशी उत्कट इच्छा होती. परंतु तें भाग्य त्याच्या वांट्यास आलें नाहीं. तेव्हां वृद्धापकाळीं त्यानें आपला पुत्र शलमोन यास जवळ बोलाविलें आणि मंदिराची देवडी, कोठारें, आंतील दालनें व अंगणें या सर्वांचा नमुना त्याच्या स्वाधीन केला. हा अध्याय वाचतांना आपलें लक्ष सहसा त्यांतील सोन्यारुप्याकडे जातें. त्या नमुन्याकडे जात नाहीं. वस्तुतः दाविदानें दिलेल्या सर्व ठेव्यांत तो नमुनाच मुख्य होता. सोनें शलमोनास अन्यत्रहि मिळालें असतें. बापाच्या मनांतील मंदिर मात्र त्या लेखावांचून दुसरीकडे कोठेंहि मिळालें नसतें.

या प्रसंगाची आठवण मला आपल्या ज्युबिलीच्या तयारींत झाली. जुने कागदपत्र एकत्र करावे म्हणून वेदीमागील खोलींतील कपाट उघडलें असतां अगदीं वरच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या मागें, ट्रेसिंग कापडाची एक गुंडाळी सांपडली. ती आपल्या देवळाच्या दर्शनी भागाच्या आराखड्याची होती. तिचा उजवीकडील अर्धा भाग वाळवीनें खाऊन टाकला आहे. डावीकडील अर्ध्या भागांत मुख्य दरवाजाची अर्धी कमान, एक उंच खिडकी आणि एक मनोरा एवढें स्पष्ट दिसतें. फाटलेल्या कडेला रुंदीचा आंकडा लिहिलेला होता. त्याचा एकच अंक आज शिल्लक आहे.

आपल्या देवळास डावीकडे एकच मनोरा आहे हें सर्वांस ठाऊक आहे. गुंडाळीची वार्ता पसरतांच आपल्या तरुण मंडळींत मोठा उत्साह संचारला. आराखड्याचें अर्ध आरशांत धरावें तसें उजवीकडे फिरवून पाहिलें म्हणजे दोन मनोऱ्यांचें भव्य देऊळ डोळ्यांपुढें उभें राहतें. "आपल्या वाडवडिलांनीं दोन मनोरे योजिले होते, पैशाअभावीं एक राहून गेला, तो आपण या ज्युबिलींत पुरा करूं आणि त्यांची इच्छा सिद्धीस नेऊं," असें ते म्हणूं लागले. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे, त्यांची भक्तीहि खरी आहे. परंतु फाटक्या आराखड्यावरून पूर्वजांची इच्छा ठरवितां येते काय? आराखडा जतन करणें हें एक कर्तव्य, आणि जतन केलेला आराखडा नीट वाचणें हें दुसरें. या दोन्ही कर्तव्यांविषयीं ख्रिस्ती जगांतील कांहीं थोर मंदिरांचा इतिहास आपणांस पुष्कळ शिकवील. म्हणून तो येथें संक्षेपानें सांगतों.

प्रथम तरुण मंडळींच्या बाजूनें बोलणारा दृष्टांत घेऊं. जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं कोलोन हें नगर आहे. इ. स. ११६४ मध्यें तेथील आर्चबिशप राइनाल्ड फॉन डासेल यांनीं मिलान नगरांतून तीन राजांचे म्हणून पूज्य मानलेले पवित्र अवशेष कोलोनास आणिले. बेथलेहेमास बाळ येशूला वंदन करण्यास गेलेल्या त्या तीन राजांच्या दर्शनार्थ यात्रेकरूंची रीघ लागली. पुढें १५ ऑगस्ट १२४८ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशीं, आर्चबिशप कॉनराड फॉन होखश्टाडेन यांनीं नव्या महामंदिराची कोनशिला बसविली. वेदीकडील भागाचें काम पूर्ण होऊन १३२२ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. नंतर दक्षिणेकडील मनोरा चढूं लागला. परंतु सुमारें ५९ मीटर उंची गांठल्यावर तो तेथेंच थबकला. द्रव्य आटलें, उत्साह ओसरला, आणि १५६० च्या सुमारास काम सर्वस्वीं बंद पडलें. दगड वर चढविण्यासाठीं मनोऱ्याच्या माथ्यावर उभारलेली लांकडी यारी मात्र तशीच उभी राहिली. पिढ्यामागून पिढ्या जन्मास आल्या व गेल्या. कोलोनच्या लोकांना अर्धवट मनोरा आणि त्यावरील यारी हेंच आपल्या महामंदिराचें स्वाभाविक रूप वाटूं लागलें.

परंतु तेराव्या शतकाच्या अखेरीस कोणा एका शिल्पशास्त्रज्ञानें त्या दर्शनी भागाचा संपूर्ण आराखडा चर्मपत्रावर रेखून ठेविला होता. चर्मपत्राचे अकरा तुकडे जोडून केलेला हा आराखडा चार मीटरांहून अधिक उंच आहे. विद्वान् लोक त्यास 'एफ आराखडा' म्हणतात. शतकानुशतकें तो महामंदिराच्या दफ्तरांत होता. १७९४ सालीं फ्रान्सच्या क्रांतिसेना ऱ्हाईनच्या रोखानें येऊं लागल्या, तेव्हां महामंदिराचें दफ्तर सुरक्षिततेसाठीं अन्यत्र हलविण्यांत आलें आणि त्या धामधुमींत हा आराखडा नाहींसा झाला. वीस वर्षांनीं, १८१४ मध्यें, डार्मश्टाट गांवच्या एका खाणावळीच्या माळ्यावर त्याचें एक अर्ध सांपडलें. त्यावर घेवड्याच्या शेंगा वाळत घालीत असत, असें सांगतात! तेथील राजशिल्पकार गेओर्ग मोलर यांनीं तें चर्मपत्र काय आहे हें ओळखलें. पुढें १८१६ मध्यें कोलोनचे कलाभक्त झुल्पित्स ब्वासेरे यांना दुसरें अर्ध पॅरिसमध्यें मिळालें. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं काढलेला आराखडा अशा रीतीनें पुन्हां पूर्ण झाला.

त्या दोन तुकड्यांच्या मीलनानें सर्व जर्मनी हलून गेली. १८४२ सालीं नागरिकांनीं मंदिर पुरें करण्यासाठीं एक संस्था स्थापिली. त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं प्रशियाचे राजे चवथे फ्रीडरिश विल्हेल्म आणि पुढें आर्चबिशप झालेले योहान्नेस फॉन गाइसेल यांच्या उपस्थितींत कामाची नवी कोनशिला बसली. राजा प्रॉटेस्टंट, मंदिर कॅथॉलिक. तरी दोन्ही पंथांच्या लोकांनीं वर्गणी दिली. एर्न्स्ट फ्रीडरिश झ्विर्नर यांनीं १८६१ मध्यें देह ठेवीपर्यंत काम चालविलें आणि त्यांच्यामागून रिशार्ड फोइग्टेल यांनीं तें तडीस नेलें. ती जुनी यारी १८६८ मध्यें खालीं उतरली. आणि १५ ऑक्टोबर १८८० रोजीं, कोनशिलेनंतर ६३२ वर्षांनीं, मंदिरपूर्तीचा समारंभ झाला. दोन्ही मनोरे सुमारें १५७ मीटर उंच भरले. दुःखाची गोष्ट एवढीच कीं, राज्यसत्ता व पवित्र सभा यांच्यांतील तत्कालीन कलहामुळें आर्चबिशप पाउल मेल्खर्स त्या दिवशीं परदेशीं हद्दपारींत होते.

येथवर ऐकून तरुण मंडळी म्हणतील, "पाहा, आम्ही म्हणतों तेंच खरें! जुना आराखडा सांपडला आणि मनोरे पुरे झाले." परंतु थोडें थांबावें. पहिली गोष्ट ही कीं, कोलोनास आराखड्याचीं दोन्ही अर्धें मिळालीं होतीं. एका अर्धावरून दुसरें कल्पावें लागलें नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, उभ्या मनोऱ्याचे खालचे मजले साक्षीस हजर होते. मध्ययुगींन आराखड्यांवर बहुधा मापें किंवा प्रमाण लिहिलेलें नसतें. ते शिल्पी परकार आणि गुण्या यांच्या साह्यानें चौरसांतून चौरस व वर्तुळांतून वर्तुळ काढीत. अशा आराखड्याचें वाचन उभ्या इमारतीशीं ताडून पाहिल्यानेंच पक्कें होतें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मंदिराच्या उत्तर व दक्षिण बाजूंच्या दर्शनी भिंतींचे मध्ययुगींन आराखडे उपलब्ध नव्हते. तेव्हां झ्विर्नर यांनीं ते स्वतः काढिले. छपराचा सांगाडा लांकडाऐवजीं लोखंडाचा केला. त्यांनीं हें सर्व चोरून केलें नाहीं. म्हणूनच आज जुन्या शिल्प्याची कृति कोणती आणि एकोणिसाव्या शतकाची कोणती, हें निश्चयानें सांगतां येतें.

आतां कोलोनहूनहि प्राचीन अशा एका आराखड्याकडे वळूं. स्वित्झर्लंडांत संत गाल यांच्या नांवाचा जो मठ होता, त्याच्या ग्रंथालयांत एक चर्मपत्र ठेविलेलें आहे. पांच तुकडे शिवून तयार केलेलें हें चर्मपत्र सुमारें ११२ सेंटीमीटर लांब व ७७ सेंटीमीटर रुंद आहे. इ. स. ८२० ते ८३० च्या सुमारास रायखेनाउ येथील मठांत तें तयार झालें आणि संत गाल मठाचे मठाधिपति गोझबर्ट यांना पाठविण्यांत आलें. तांबड्या शाईच्या रेषांनीं त्यावर एका संपूर्ण मठाची रचना दाखविली आहे. मंदिर, संन्याशांचीं दालनें, रुग्णालय, पाठशाळा, भट्टी, कोंबड्यांची खुराडी, इतकेंच नव्हे तर औषधी वनस्पतींचे वाफे व त्यांतील रोपांचीं नांवें सुद्धां तींत आहेत. एकंदर तीनशेंहून अधिक टिपा त्यावर लिहिलेल्या आहेत. पश्चिमेकडील देशांत त्या काळांतील इतका मोठा आराखडा दुसरा उरलेला नाहीं.

हें चर्मपत्र टिकलें कसें, याची हकीकत चमत्कारिक आहे. बाराव्या शतकांत एका संन्याशास संत मार्टिन यांचें चरित्र लिहून काढावयाचें होतें. त्यानें या चर्मपत्राची कोरी पाठ त्यासाठीं वापरली आणि घडी घालून त्याचें पुस्तक केलें. चरित्राचा शेवट पाठीवर मावेना, तेव्हां त्यानें पुढच्या बाजूच्या कोपऱ्यांतील एका इमारतीच्या रेषा खरवडून काढल्या आणि तेथें उरलेला मजकूर लिहिला! संतचरित्र म्हणून तें पुस्तक जपलें गेलें, आणि त्याच्या पाठीशीं आराखडाहि वांचला. ज्या हातानें एक इमारत कायमची पुसली, त्याच हातानें बाकीच्या साऱ्या वांचविल्या. दफ्तरांचा इतिहास अशा विपरीत उपकारांनीं भरलेला आहे.

या आराखड्याचें वाचन हें तर विद्वानांच्या कसोटीचें काम ठरलें आहे. त्यांत मंदिराची लांबी २०० फूट असें अक्षरांनीं लिहिलें आहे. परंतु चित्राच्या प्रमाणानें मोजिली असतां ती सुमारें ३०० फूट भरते. रेषा खरी मानावी कीं अक्षर खरें मानावें? हें चित्र एखाद्या हरवलेल्या मूळ आराखड्याची नक्कल आहे कीं स्वतःच मूळ आहे? हें बांधकामासाठीं होतें कीं आदर्श मठ कसा असावा याचें चिंतन करण्यासाठीं होतें? यांवर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. एवढें मात्र निश्चित कीं, गोझबर्ट यांनीं पुढें आपलें मंदिर बांधलें तें या चित्राबरहुकूम नव्हे. यावरून पहिला नियम निघतो : आराखड्यांत आहे तेवढ्यावरून तें बांधलें होतें असें म्हणूं नये, आणि बांधलें नाहीं तेवढ्यावरून तो आराखडा व्यर्थ होता असेंहि म्हणूं नये. २०१३ सालापासून जर्मनींत मेसकिर्श गांवाजवळ कांहीं मंडळींनीं याच आराखड्यावरून, नवव्या शतकांतील हत्यारें वापरून, मठ उभारण्यास आरंभ केला आहे. ज्या चित्रावरून त्या काळीं मठ उठला नाहीं, तें बाराशें वर्षांनीं हातांस काम देत आहे.

आपल्या प्रश्नाच्या अगदीं जवळचा दृष्टांत मात्र खुद्द रोमचा आहे. १८ एप्रिल १५०६ रोजीं पोप दुसरे जूलियस यांनीं संत पेत्राच्या नव्या मंदिराची कोनशिला बसविली. शिल्पकार ब्रामान्ते यांनीं या मंदिराचा जो आराखडा चर्मपत्रावर काढिला, तो आज फ्लॉरेन्स येथील उफ्फीझी संग्रहांत आहे आणि तेथील शिल्पविषयक चित्रांच्या यादींत त्याचा क्रमांक पहिला आहे. त्यांतहि मंदिराचें अर्धेंच रूप दाखविलें आहे. पुष्कळांनीं तें अर्ध आरशांत फिरवून दुसरें अर्ध कल्पिलें, आणि चारी भुजा सारख्या असलेल्या क्रुसाच्या आकाराचें, मध्यें घुमट असलेलें मंदिर ब्रामान्तेच्या मनांत होतें असें ठरविलें. इतरांचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या बाजूस लोकांना उभें राहण्यासाठीं लांब सभामंडप त्यानें योजिला असेल. अर्धें चित्र त्याविषयीं मुकें आहे. हा वाद पांचशें वर्षांनंतरहि पुरता मिटलेला नाहीं. आणि त्या चर्मपत्राच्या पाठीवर काय आहे? ब्रामान्तेच्या मागून त्याच कामावर असलेले धाकटे आंतोनिओ दा सांगाल्लो यांच्या हातची एक लहानशी टीप : हा ब्रामान्तेच्या हातचा संत पेत्राच्या मंदिराचा आराखडा असून तो अमलांत आला नाहीं, अशा अर्थाची. ही एक ओळ नसती तर केवढा घोंटाळा माजला असता!

पुढें सांगाल्लो यांनींहि १५३९ ते १५४६ या काळांत आपल्या योजनेचा एक प्रचंड लांकडी नमुना करविला. तो सात मीटरांहून अधिक लांब आहे आणि आजहि व्हॅटिकनमध्यें शाबूद आहे. परंतु १५४६ मध्यें सांगाल्लो वारले आणि त्यांच्या जागीं आलेल्या मायकेल अँजेलो यांनीं ती योजना बाजूस सारली. नंतर कार्लो मादेर्नो यांनीं मंदिरास लांब सभामंडप जोडला आणि १८ नोव्हेंबर १६२६ रोजीं पोप आठवे उर्बान यांनीं मंदिराचें पवित्रीकरण केलें. म्हणजे आज आपण जें मंदिर पाहतों तें ब्रामान्तेचेंहि नव्हे, सांगाल्लोचेंहि नव्हे, एकट्या मायकेल अँजेलोचेंहि नव्हे. जो कोणी यांपैकीं एकच कागद हातीं घेऊन "हीच पूर्वजांची इच्छा" असें म्हणेल, तो इतर सर्व पूर्वजांवर अन्याय करील.

कोणी विचारील, "मग तुकड्यांवरून कांहींच जाणतां येत नाहीं काय?" येतें, परंतु त्या तुकड्यांचा नियम ठाऊक असेल तरच. स्पेन देशांत बार्सेलोना येथें पवित्र कुटुंबाचें मंदिर आहे. त्याचे शिल्पकार आंतोनी गाउदी यांनीं १८८३ मध्यें तें काम हातीं घेतलें आणि १९२६ सालीं ट्रामच्या अपघातानें त्यांचा अंत होईपर्यंत तें सोडिलें नाहीं. आपल्यामागून येणाऱ्यांस मार्ग दिसावा म्हणून त्यांनीं प्लॅस्टरचे मोठमोठे नमुने करून ठेविले होते. जुलै १९३६ मध्यें स्पेनांत यादवी युद्ध पेटलें. दंगलखोरांनीं कार्यशाळेस आग लाविली, आराखडे जळाले, नमुन्यांचे तुकडे तुकडे झाले. गाउदींच्या अनुयायांनीं ते तुकडे राखेंतून वेंचून सांभाळून ठेविले आणि वर्षानुवर्षें जुळविले. त्यांना यश आलें याचें कारण असें कीं, गाउदींचे वक्र पृष्ठभाग स्वैर नव्हते. सरळ रेषा ठराविक रीतीनें फिरविली असतां जे वक्र निर्माण होतात, ते त्यांनीं योजिले होते. त्यामुळें लहान तुकड्यावरूनहि संपूर्ण वक्राचें गणित मांडतां येत होतें. ७ नोव्हेंबर २०१० रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं त्या मंदिराचें पवित्रीकरण केलें. तथापि १९६५ सालीं कांहीं नामवंत शिल्पकारांनीं व विचारवंतांनीं जाहीर पत्र काढून, गाउदींच्या मागें होत असलेलें काम गाउदींचें मानूं नये, असा आक्षेप घेतला होता, हेंहि विसरतां कामा नये. गणित जेथें संपतें आणि कल्पना जेथें सुरू होते, ती सीमा प्रामाणिकपणें दाखविली पाहिजे.

अलीकडची गोष्ट तर आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकली असेल. १५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिस येथील आमच्या माउलीच्या महामंदिरास आग लागली. मध्ययुगींन लांकडी छप्पर भस्म झालें आणि १८५९ मध्यें व्हिओले-ल्-द्यूक यांनीं उभारलेलें शिखर कोसळलें. तरीहि ७ डिसेंबर २०२४ रोजीं मंदिराचीं दारें पुन्हां उघडलीं. कारागिरांचें कौशल्य आणि भक्तांचें औदार्य ही तर त्याचीं कारणें खरींच. परंतु आणखी एक कारण दफ्तरांत होतें. एकोणिसाव्या शतकांतील चित्रें राखून ठेविलेलीं होतीं. २०१० मध्यें अँड्रयू टॅलन या प्राध्यापकांनीं लेझर किरणांच्या साह्यानें मंदिराचीं मापें घेतलीं होतीं. आणि २०१४ मध्यें दोन फ्रेंच शिल्पकारांनीं छपरांतील तुळयांची तपशीलवार मोजणी करून ठेविली होती. हीं मापें घेणाऱ्यांना आग लागणार हें कोठें ठाऊक होतें? जतन करणारा मनुष्य बहुधा आपण कोणासाठीं जतन करतों हें जाणत नाहीं.

आपल्या वसईचीहि एक साक्ष येथें सांगण्यासारखी आहे. गोव्यांत १५९५ सालीं पोर्तुगीज सरकारचें दफ्तर स्थापन झालें आणि इतिहासकार द्योगो दो कौतो हे त्याचे पहिले रक्षक झाले. त्यांच्या पश्चात् काहीं काळानें तें काम आंतोनिओ बोकारो यांच्याकडे आलें. १६३५ सालीं बोकारो यांनीं पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांविषयीं जो ग्रंथ सिद्ध केला, त्यास पेद्रो बारेतो द रेझेंद यांनीं काढलेलीं चित्रें जोडलेलीं आहेत. त्यांत वसईचेंहि एक आहे. तें हस्तलिखित पोर्तुगालमध्यें एव्होरा येथील ग्रंथालयांत आहे. १७३९ मध्यें वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, आणि कालांतरानें त्यांतील देवळांचे नुसते छपराविण भिंतींचे सांगाडे उरले. त्यांची पूर्वीची शोभा जाणूं इच्छिणाऱ्यास तें चित्र मोलाचें आहे. तथापि तें दुरून पाहिलेल्या नगराचें चित्र आहे, गवंड्याच्या हातांत द्यावयाचा आराखडा नव्हे. त्यावरून अमुक ठिकाणीं वस्ती होती असें म्हणतां येईल. अमुक खिडकी अमुक फूट रुंद होती असें म्हणतां येणार नाहीं. कागदाला जें सांगावयाचें नाहीं तें त्याच्याकडून वदवूं नये.

असो. आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे येतों. पवित्र सभेनें या बाबतींत आपणांस मोकळें सोडलेलें नाहीं. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ५३५ व्या कलमान्वयें प्रत्येक पॅरिशमध्यें दफ्तर असलें पाहिजे आणि जुनीं पुस्तकें काळजीपूर्वक राखलीं पाहिजेत; १९९७ सालीं रोमहून सांस्कृतिक ठेव्यांविषयींच्या मंडळानें सर्व बिशपांस पत्र लिहून धर्मसभेचीं दफ्तरें हीं मेंढपाळाच्याच कार्याचा भाग आहेत असें बजाविलें आहे. बाप्तिस्म्याचीं पुस्तकें आम्ही कुलुपांत ठेवितों. आराखडा मात्र मेणबत्त्यांच्या पेट्यांमागें टाकितों. वाळवीला दोष देऊन काय उपयोग? तिला आमंत्रण आमचेंच होतें.

आपल्या गुंडाळीच्या बाबतींत पुढीलप्रमाणें व्यवस्था केली आहे, आणि ज्यांच्या घरीं जुने कागद असतील त्यांनींहि ती करावी. ट्रेसिंग कापडास खळ असते. पाण्याचा थेंब पडला कीं डाग उठतो, म्हणून तें ओल्या फडक्यानें कधींहि पुसूं नये. कागद घडी घालून ठेवूं नये. घडीच्या रेषेवर तो प्रथम फाटतो. सपाट ठेवावा, तसें शक्य नसल्यास जाड नळीवर सैल गुंडाळावा. चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद पुढें पिंवळा पडून कागदांत मुरतो. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा असलेली 'ब्ल्यू प्रिंट' उजेडांत फिकट होते, म्हणून तिची चौकट करून भिंतीवर टांगूं नये. आपले पूर्वज दफ्तरें रुमालांत बांधून ठेवीत, ती रीत आजहि उत्तम आहे. मात्र कापड सुती व धुवून खळ काढलेलें असावें, आणि संदूक जमिनीपासून व भिंतीपासून दूर, पावसाळ्यांत वारंवार पाहतां येईल अशा जागीं असावी. संगणकावर छायाप्रत अवश्य घ्यावी. परंतु छायाप्रत झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊं नये, कारण ब्रामान्तेच्या चर्मपत्राप्रमाणें पुष्कळदां खरी गोष्ट पाठीवर असते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हा कागद कोणाचा, कोठें सांपडला, केव्हां सांपडला, याची टीप त्याबरोबर ठेवावी. सांगाल्लो यांची एक ओळ पांचशें वर्षें उपयोगी पडली, आपलीहि पडेल.

राहिला प्रश्न दुसऱ्या मनोऱ्याचा. देवळाची जुनी हिशेबवही मीं पानन्‌पान चाळली. तींत चुना, विटा, सागवान व मजुरी यांच्या नोंदी आहेत. दुसऱ्या मनोऱ्याच्या पायाविषयीं एकहि नोंद मला आढळली नाहीं. परंतु वहीचीं कांहीं पानें गळालीं आहेत, तेव्हां नोंद नाहीं एवढ्यावरून पाया नव्हता असें म्हणणेंहि उतावळेपणाचें होईल. उजवीकडील भिंतीची जाडी डावीकडील भिंतीशीं ताडून पाहावी, जाणत्या अभियंत्यास दाखवावी. कारण उभी इमारत हाहि एक कागदच आहे आणि तो वाळवीस खातां आलेला नाहीं. तसेंच ज्या गवंडी व सुतार कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनीं हें देऊळ उभारिलें, त्यांच्या घरीं पेटाऱ्यांत, माळ्यावर, देवाच्या तसबिरीमागें एखादा कागद असेल तर तो त्यांनीं कृपा करून दाखवावा. कोलोनचा आराखडा शेंगांखालीं सांपडला; आपलें दुसरें अर्धहि कदाचित् कोणाच्या कणगीमागें असेल.

तें सांपडलें आणि त्यांत दुसरा मनोरा निघाला, तर आपण कोलोनच्या लोकांसारखे आनंदानें वर्गणी गोळा करूं. सांपडलें नाहीं, आणि तरीहि मनोरा बांधावा असें आपणां सर्वांस वाटलें, तर तोहि आपला हक्क आहे. झ्विर्नर यांनीं जेथें आराखडा नव्हता तेथें स्वतःचा काढिला. मात्र त्यावर तारीख घालावी, आपलीं नांवें लिहावीं, आणि हा आमचा मनोरा आहे असें स्वच्छ लिहावें. आपल्या इच्छेवर पूर्वजांची सही करूं नये. प्रभु येशूनें मनोरा बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत सांगितला; तो मनुष्य प्रथम बसून खर्चाचा हिशेब करितो. आपण हिशेबापूर्वीं आणखी एक वेळ बसावें आणि हातीं असलेला कागद नीट वाचावा, एवढीच माझी विनंति आहे.

दाविदानें शलमोनास नमुना दिला, म्हणून शलमोन बांधूं शकला. आपल्या वाडवडिलांनीं आपणांस अर्धा नमुना दिला. उरलेलें अर्ध आपल्या हयगयीनें गेलें. पुढच्या ज्युबिलीला जीं मुलें या वेदीसमोर गुडघे टेकतील, त्यांच्या हातीं आपण काय देणार आहों? निदान आहे तें अर्ध तरी, एका स्वच्छ रुमालांत बांधून, त्यावर खरी टीप लिहून, आपण त्यांच्या स्वाधीन करूं या. सर्व कांहीं परमेश्वराच्या अधिक गौरवासाठीं.